काटा तोच होता

एक तरुण होता. पुण्यात नोकरी करायचा. गावाकडे वडिलांची पिठाची गिरणी होती, ती थोरला भाऊ सांभाळायचा. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा तरुण रजा टाकून गेला, आठवडाभर राहिला आणि परत आला. त्यानंतर दर रविवारी तो फोन करायचा. "दादा, सगळं ठीक ना?" पलीकडून उत्तर यायचं, "ठीक आहे." पैसे लागले तर सांग, असंही तो न चुकता म्हणायचा. भावाने कधी मागितले नाहीत.

तरुणाकडे एक डिझेल गाडी होती. दुसऱ्याच्या हातची, जुनी, पण टर्बोवाली. तिच्यावर त्याचा फार जीव. त्याने ती ट्यून करून घेतली. म्हणजे इंजिनाच्या संगणकातला हिशेब बदलून घेतला. डिझेल थोडं जास्त, हवेचा दाब थोडा जास्त. टर्बोत एका दांड्यावर दोन चक्रं असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने एक फिरतं, त्याच्यासोबत दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. लहान गाडीचा टर्बो जोरात आला की मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जळतं, आणि पिकअप वाढतो. तरुणाची गाडी खरोखरच पळू लागली.

मग त्याने बूस्ट गेज, म्हणजे टर्बोचा दाब दाखवणारं मीटर, बसवलं. काळ्या तबकडीचं, लाल काट्याचं, काचेशेजारच्या खांबावर. पाय दाबला की काटा चढायचा आणि पुण्यात साडेएकोणीस पीएसआयच्या थोडा पुढे जाऊन थांबायचा. तिथे थांबला की तरुणाला बरं वाटायचं.

ट्यून केलेल्या गाडीचा मालक रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त बघतो, हे कबूल केलेलं बरं. त्याच्या एका मित्राकडे त्याच इंजिनाची गाडी होती, तीही ट्यून केलेली. तिचा काटा बावीस दाखवायचा. चहाच्या टपरीवर हा आकडा निघायचाच. तरुण हसण्यावारी न्यायचा, पण बावीस त्याच्या डोक्यातून जात नव्हता. त्याने पुढच्या ट्यूनसाठी, ज्याला ही मंडळी 'स्टेज टू' म्हणतात, दर महिन्याला पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

एकदा तो कोकणात उतरला. समुद्रालगतच्या सरळ रस्त्यावर त्याने पाय दाबला, तर काटा पावणेएकोणीसवरच अडला. त्याने तिथूनच ट्यूनरला फोन लावला. ट्यूनर म्हणाला, "काही बिघडलेलं नाही, समुद्रावर एवढंच दिसणार." तरुणाला पटलं नाही. घाट चढून देशावर आल्यावर काटा जागेवर आला, तेव्हा त्याने दमट हवेला दोष दिला आणि विषय सोडून दिला.

काही महिने गेले. गाडीचं ॲव्हरेज सतरावरून पंधरावर आलं. तरुण म्हणाला, डिझेल चांगलं मिळत नाही हल्ली. टर्बोची शिट्टी मोठी झाली. मित्र म्हणाले, "काय शिट्टी मारते रे!" आणि तरुण सुखावला. एका रविवारी भावाचा आवाज बसलेला वाटला. "गिरणीतलं पीठ घशात जातं," भाऊ म्हणाला. "बाकी सगळं ठीक."

काट्याकडे तरुणाचं रोज लक्ष होतं. काटा तिथेच होता.

पाऊस सरला तेव्हा मित्रांनी महाबळेश्वरला जायचं ठरवलं. वाई मागे पडलं, पसरणीचा घाट सुरू झाला. तरुणाने पाय दाबला आणि काटा वीसला गेला. वरच्या वळणांवर तो वीसही ओलांडून पावणेएकवीसला पोचला. त्याने शेजारच्या मित्राला हलवून दाखवलं. "बघ! डोंगरावर गाडी आणखी जोर करते."

पाचगणी जवळ आली असताना शिट्टीची किंकाळी झाली. मागून काळा धूर निघाला. काटा धाडकन चौदावर पडला, तबकडीच्या बाजूला पिवळा दिवा लागला, आणि गाडीतला जीवच गेला. ट्रक त्यांना मागे टाकून वर गेले. तरुणाने गाडी बाजूला घेतली, बंद केली, परत चालू केली. ती पुन्हा बरी चालू लागली, पण चढावर पाय दाबायची त्याची छाती होईना. ते वळले आणि हळूहळू वाईला उतरले.

गावाबाहेर रस्त्याला लागून एक गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे चिंच. मालक म्हातारा होता. सैन्याच्या ईएमईत, म्हणजे जिथे लष्कराच्या गाड्या दुरुस्त होतात तिथे, हवालदार म्हणून राहून निवृत्त झालेला. सातारा जिल्ह्यात अशी माणसं पुष्कळ. सगळे त्याला आबा म्हणायचे. हाताखाली त्याची नात होती, आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारी. स्कॅनर तिच्या ताब्यात असायचा.

आबाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तक्रार काय हाय?"

"तक्रार अशी नाही. घाटात एकदम मेली. तोपर्यंत तर नेहमीपेक्षा जास्त बूस्ट देत होती."

"जास्त? कशापास्नं जास्त?"

तरुणाला प्रश्न कळला नाही. आबाने समजावत बसण्याऐवजी किल्ली मागितली. नात स्कॅनर घेऊन मागे बसली, तरुण शेजारी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर आबाने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला. काटा पावणेवीसला जाऊन थांबला.

"बघा," तरुण म्हणाला. "बरोबर आहे की."

नातीने पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले. "मागितलेला दाब 2300. मिळालेला 2290. बाहेरचा 930. पाती 84."

तरुण गोंधळला. 2290 मिलिबार म्हणजे तेहतीस पीएसआय झाले! एवढा दाब त्याच्या गाडीत नव्हता, काट्यावर तर पावणेवीसच होते. त्याने तसं सांगितलं.

गॅरेजमध्ये परत आल्यावर आबाने खडू घेतला आणि शेडच्या पत्र्यावर वजाबाकी मांडली. 2290 वजा 930, राहिले 1360. एक बार म्हणजे हजार मिलिबार, म्हणजे साडेचौदा पीएसआय. त्या हिशेबाने 1360 चे झाले पावणेवीस.

"दोन्ही खरे हायेत," आबा म्हणाला. "गाडीचा संगणक शून्यापास्नं मोजतो, जिथं हवाच न्हाई तिथनं. तुझा काटा भवतालच्या हवेपास्नं मोजतो. भवतालची हवा बदलली की काट्याचं शून्यच सरकतं."

मग त्याने एकाखाली एक लिहिलं. समुद्रकाठी बाहेरचा दाब सुमारे 1013. पुण्यात 950 च्या आतबाहेर. पाचगणीला 870 च्या जवळ. तिन्ही ठिकाणी गाडीला इंजिनात 2300 च हवे होते. तरुणाने मनातल्या मनात वजाबाकी केली. कोकणात पावणेएकोणीस. पुण्यात साडेएकोणीस. पाचगणीला पावणेएकवीस. तिन्ही आकडे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते.

"म्हणजे डोंगरावर गाडी जोर करत नव्हती?"

"इंजिनाला तेवढीच हवा मिळत व्हती. टर्बोला मात्र पातळ हवा घेऊन तेवढाच दाब करून द्यायचा व्हता. समुद्रावर सव्वादोन पट दाबायचं, तिथं वर अडीच पटीच्या वर. काटा तुला टर्बोचे कष्ट दाखवत व्हता, आन् तू त्याला ताकद समजलास."

सगळ्या गाड्या डोंगरावर हट्टाने तेवढाच दाब मागतात असं नाही. पुष्कळ गाड्यांचा संगणक उंचीवर मागणी कमी करतो, टर्बो जपावा म्हणून. या गाडीच्या ट्यूनमध्ये ती सूट राहिली नव्हती.

आबा काही वर्षं लेहला होता. साडेतीन हजार मीटरवर, जिथे हवेचा दाब समुद्रावरच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो. तिथे त्याने दमलेले ट्रक पाहिले होते आणि दमलेली माणसंही. ट्रेनिंगमध्ये ऐकलेली एक गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा, ती त्याने तरुणालाही सांगितली. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरने विमानाचं एक इंजिन गाडीवर लादून पाइक्स पीक नावाच्या डोंगराच्या माथ्यावर नेलं, चौदा हजार फुटांवर. पातळ हवेत इंजिनाचा जोर पार कमी झाला. मग त्याला टर्बो जोडला, तर ते खाली जमिनीवर द्यायचं तेवढी ताकद देऊ लागलं. "टर्बोचं मोठं नाव झालं ते असं," आबा म्हणाला. "वरचढ होण्यासाठी न्हाई, कमी पडलेलं भरून काढण्यासाठी."

मित्र मागे उभा होता. बावीसवाला, आपली गाडी घेऊन सोबत आलेला. त्याने हळूच विचारलं, "मग माझा बावीस कसा?"

आबाने त्याच्या गाडीचं बॉनेट उघडून गेजची बारीक नळी बोटाने शोधली. ती टर्बोच्या तोंडाशीच जोडलेली होती. तरुणाच्या गाडीत ती पुढे, दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पलीकडे, इंजिनाच्या दाराशी होती. इंटरकूलरच्या बारीक जाळीतून जाताना हवेचा दाब थोडा मोडतो, एकदोन पीएसआय सहज जातात. आणि इंटरकूलर घाणीने तुंबत गेला, तर अलीकडचा दाब आणखी वाढलेला दिसतो. मित्र यावर काही बोलला नाही. बावीसचा विषय त्या दिवसानंतर टपरीवर निघाल्याचं ऐकिवात नाही.

"आता खरं दुखणं," आबा म्हणाला. "पाती 84."

या टर्बोच्या धुराकडच्या चक्राभोवती हलती पाती असतात. ती आवळली की धूर जोरात आदळतो आणि चक्र वेगात फिरतं. काट्याला पाती दिसत नाहीत. नातीजवळ एक वही होती, आलेल्या प्रत्येक गाडीचे आकडे ती त्यात लिहून ठेवायची. तिने पान उलटलं. याच इंजिनाची ट्यून केलेली निरोगी गाडी, हाच रस्ता, हाच गिअर, दाब 2300 च्या जवळ. पाती 60. (या गाडीत आकडा मोठा म्हणजे पाती जास्त आवळलेली. दुसऱ्या बनावटीत याच्या उलटही असतं, म्हणून आकडा ताडून बघायला त्याच जातीची गाडी लागते.)

"दाब सारखाच," ती म्हणाली, "पण तुमच्या गाडीला त्यासाठी कितीतरी जास्त आवळावं लागतंय. दाबलेली हवा वाटेत कुठंतरी जातेय."

मग त्यांनी शोध घेतला. एअर फिल्टरच्या बाजूने नळीला झाकण लावलं. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरवर एक बारला धरून आत सोडली. नात बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारत गेली. वरचे जोड कोरडे राहिले. तिने अंगाखाली पोतं टाकलं आणि गाडीखाली शिरली. इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपवर, क्लिपच्या अगदी कडेला, तेलकट धुळीचा डाग होता. त्यावर पाणी पडताच फेस उसळला. रबराला बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. आत दाब नसला की चीर मिटायची, हात फिरवूनही कळायची नाही. दाब आला की उघडायची, आणि गरम होऊन रबर मऊ पडलं की आणखी उघडायची.

काळ्या धुराचा उलगडाही तिथेच झाला. आत येणारी हवा टर्बोच्या आधी मोजली जाते. संगणकाने मोजलेल्या हवेचं डिझेल दिलं, हवा मात्र पुढे चिरेतून निघून गेली. उरलं ते न जळलेलं डिझेल, काजळी होऊन मागून बाहेर पडलेलं. ॲव्हरेज त्यातच गेलं होतं. आणि मित्रांना आवडलेली शिट्टी होती फुकट पळणाऱ्या टर्बोची.

"ट्यूनरने वाट लावली म्हणायची," तरुण म्हणाला.

"त्यानं दाब वाढवला. तू सांगितलास म्हणून. नळी जुनीच राहिली, ती कुणी बघितली न्हाई."

पाइप साताऱ्याहून आणावा लागला. टर्बोच्या किमतीपुढे त्याचे पैसे किरकोळ होते. आबाने आधी टर्बोचा दांडा हाताने हलवून बघितला, तो सुदैवाने घट्ट होता. आणखी एखादा मोठा घाट झाला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी नवा पाइप बसला, नवी क्लिप आवळली, साबणाचं पाणी पुन्हा मारलं. फेस आला नाही.

परत तोच रस्ता, तोच गिअर. तरुण काट्याकडे डोळे लावून बसला. काटा पावणेवीसला जाऊन थांबला. शिट्टी अगदी बारीक, कान दिला तर ऐकू येणारी.

"काटा तर तोच आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

"मागितले 2300," नातीने मागून वाचलं, "मिळाले 2295. पाती 61."

आबाने गाडी चिंचेखाली लावली. उतरायच्या आधी तो थोडा वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "आमच्या लहानपणी विहिरीवर मोट व्हती. एका साली मोट फाटली, वडलांनी शिवायची टाळली. पाटाला पाणी तेवढंच येत व्हतं, म्हणून कुणाचं लक्ष न्हाई. बैलं दिवसभर जास्त खेपा मारत व्हती. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, मोट आणखी खोल सोडावी लागली, आन् एक बैल बसला तो उठलाच न्हाई. पाट बघितला सगळ्यांनी. खेपा कुणी मोजल्या न्हाईत."

तरुणाने पैसे दिले. मित्र पुढे चहाला गेले. तो चिंचेच्या बुंध्याशी उभा राहिला आणि त्याने गावी फोन लावला. रविवार नव्हता. भावाने घाबरूनच उचलला.

"काय रे, बरा आहेस ना?"

"मी बरा आहे. दादा, तू रात्री झोपतोस किती वाजता?"

पलीकडे काही वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"का रे?"

"सांग ना."

"लागतो कधीतरी डोळा. बाबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे पाचला गिरणी. दुपारी जरा पडतो, गिऱ्हाईक नसलं तर."

"कधी बोलला नाहीस."

"तू विचारायचास, सगळं ठीक ना. ठीकच होतं की. बाबांना काही कमी पडू दिलं नाही."

काटा खोटं बोलत नाही, हे गाडीवाले म्हणतात ते खरंच आहे. त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. दाब किती, असं विचारलं तर दाब सांगतो. तो कुठून मोजला, कुठे मोजला, आणि तेवढा राखायला कुणाला किती फिरावं लागलं, हे वेगळं विचारावं लागतं. घरोघरी अशी माणसं असतात, ज्यांच्यामुळे घराचा आकडा जागेवर राहतो. आकडा जागेवर आहे म्हणूनच त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ती थकली तरी दिवा लागत नाही. लागतो तो घाटात, फार उशिरा.

तरुण त्या खेपेला महाबळेश्वरला गेला नाही. वाईहून तो सरळ गावी गेला आणि पंधरा दिवस राहिला. त्या पंधरा दिवसांत रात्रीची कूस त्याने बदलली. जायच्या आधी त्याने शेजारच्या गावातला एक माणूस रात्रपाळीला वडिलांजवळ ठेवला. स्टेज टूचे बाजूला टाकलेले पैसे त्या माणसाच्या पगाराला लागले, आणि ते अजून तिथेच लागतात.